रेमेदिओस वारोची चित्रं समजण्यासाठी गुर्जिएफ, किमया वगैरे आधी वाचावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की स्पेनमध्ये जन्मून मेक्सिकोत स्थायिक झालेल्या चित्रकार वारोची चित्रं इंटरनेटवर पाहिली, फार आवडली, पण प्रत्येक चित्राखाली अध्यात्मगुरू गुर्जिएफ, सूफी, किमया (हलक्या धातूचं सोनं करू पाहणारी जुनी विद्या), मानसशास्त्रज्ञ युंग अशी नावं दिसतात आणि धीर सुटतो. हे सगळं वाचल्याशिवाय चित्रं कळतील का, आणि तिचं हे अध्यात्म खरं होतं की सर्रिअलिस्ट (स्वप्नं आणि अबोध मन रंगवणाऱ्या) मंडळींची नेहमीची हौस, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर, आधी वाचावं लागत नाही. आधी चित्रातली बाई (बहुतेकदा बाईच असते) कोणतं काम करतेय ते नीट पाहा. दुसऱ्याचं उत्तरही त्याच पाहण्यातून मिळतं, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. त्या सवयीमुळे असेल, तिच्या चित्रात माझी नजर आधी यंत्रांवर जाते. दोरी कुठून निघाली, कोणत्या कप्पीवरून गेली, चाकाचा आस कशात बसवलाय, नळीतून काय वाहतंय. सर्रिअलिस्ट चित्रांत असे प्रश्न विचारायचे नसतात असा समज आहे. दालीचं वितळणारं घड्याळ कसं चालतं असं कुणी विचारत नाही. वारोच्या चित्रात मात्र विचारून पाहा, उत्तर मिळतं. तिची यंत्रं अशक्य आहेत, पण त्यांची जुळणी चोख आहे.

‘पक्ष्यांची निर्मिती’ (१९५७) हे चित्र घ्या. टेबलाशी एक आकृती बसली आहे, अर्धी बाई, अर्धं घुबड. शेजारी अंड्याच्या आकाराच्या भांड्यांचं एक उपकरण आहे, किमयागाराच्या भट्टीवर शोभेल असं. खिडकीबाहेरच्या हवेतून ते काहीतरी खेचून घेतं आणि नळ्यांवाटे तीन रंग पॅलेटवर सोडतं. गळ्यात छोटं व्हायोलिन अडकवलंय आणि ब्रश त्या व्हायोलिनलाच जोडलेला आहे. दुसऱ्या हातात त्रिकोणी भिंग. ताऱ्याचा उजेड त्या भिंगातून वाकून कागदावर पडतो, आणि जिथे पडतो तिथला पक्षी कागद सोडून उडतो. एक उडालाय, एक उठतोय, एकाचं रेखाटन अजून चाललंय.

आता यात कोडं सोडवण्यासारखं काय उरलं? हवेतून रंग येतो, छातीजवळच्या तारांतून रेघ येते, आकाशातून प्रकाश येतो, आणि या तिन्हींना एका कागदावर आणण्यासाठी कुणीतरी रात्रभर मान मोडून बसावं लागतं. कलेबद्दल आणि साधनेबद्दल तिला जे म्हणायचंय ते सगळं या जुळणीत आहे. घुबड हे ज्ञानाचं प्रतीक, अंडं हे किमयेतलं पात्र, ही माहिती मागाहून कळली तर आनंद वाढतो. पण ती नसली म्हणून चित्र बंद राहत नाही.

हे तिला आलं कुठून, तर घरातून. रेमेदिओसचा जन्म १६ डिसेंबर १९०८ चा, स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतातल्या आंग्लेस या गावचा. वडील जलअभियंता होते. ते लहान मुलीला आपले आराखडे नकलून काढायला बसवत. रेघ चुकली की पुन्हा. यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) तिच्या हातात बसलं ते तिथे, कला शाळेत जाण्याआधी. आई निष्ठावान कॅथलिक, शिक्षण जोगिणींच्या (नन्सच्या) शाळेत. वडिलांचा कंपास आणि आईची जपमाळ, दोन्ही तिच्या चित्रांत शेवटपर्यंत राहिले, फक्त जपमाळेची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली. जादूची ओढ तेव्हापासूनच होती. मुलगी असताना तिने एका हिंदू माणसाला गुपचूप पत्र लिहून मँड्रेक या वनस्पतीच्या मुळ्या पाठवायला सांगितलं होतं, कारण त्यांत चमत्कारी गुण असतात असं तिच्या कानावर आलं होतं.

माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत ती १९२४ मध्ये गेली. पुढे बार्सिलोना, मग स्पेनमधलं यादवी युद्ध. १९३७ मध्ये फ्रेंच कवी बेंजामिन पेरेबरोबर ती पॅरिसला आली आणि त्या युद्धात हुकूमशहा फ्रँकोच्या विजयानंतर मायदेशाचं दार बंद झालं. पॅरिसमध्ये ब्रेतों, एल्युआर या सर्रिअलिस्ट कवींच्या बैठकांना ती जायची, पण आपण तिथे गप्प बसून ऐकणारी होतो असं तिनेच नंतर सांगितलंय. नाझी आले तेव्हा मार्सेयला पळाली, आणि १९४१ च्या अखेरीस कासाब्लांकाहून बोटीने मेक्सिकोला. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या काळापासून मेक्सिकोने स्पॅनिश निर्वासितांना आसरा दिला होता, म्हणून ते शक्य झालं.

पुढची दहा-बारा वर्षं मला तिच्या कुठल्याही ‘गूढ’ वाचनापेक्षा महत्त्वाची वाटतात, आणि नेमकी तीच बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात. पोट भरण्यासाठी तिने फर्निचर रंगवलं, नाटकांचे पोशाख केले, कोलंबसपूर्व काळातली फुटकी मातीची भांडी जोडली. बायर या औषध कंपनीसाठी जाहिरातींची चित्रं काढली. त्यांवर ती आईकडचं आडनाव ‘उरांगा’ घालत असे. निद्रानाशावरचं एक चित्र तर पुढच्या वारोची चाहूलच आहे: एकामागून एक रिकाम्या खोल्या आणि अधांतरी उघडे डोळे. मग १९४७ ते १९४९ व्हेनेझुएलात. तिथे तिचा डॉक्टर भाऊ होता, आणि तिने मलेरियाच्या मोहिमेसाठी सूक्ष्मदर्शकाखाली कीटक पाहून त्यांची शास्त्रीय चित्रं काढली. डासाच्या पायावरचा केस न् केस.

१९५२ पासून वॉल्टर ग्रुएन हा ऑस्ट्रियन निर्वासित तिचा जोडीदार झाला. मेक्सिको शहरात त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं, ते चांगलं चालायचं. त्याने आग्रह धरला की आता पोटासाठी काही करू नकोस, फक्त चित्रं काढ. १९५५ मध्ये तिथल्या गालेरिया दियाना या कलादालनात एका समूह प्रदर्शनात तिची चित्रं लागली, १९५६ मध्ये तिथेच पहिलं एकल प्रदर्शन झालं. ८ ऑक्टोबर १९६३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली, वय ५४. आपण जिला वारो म्हणून ओळखतो ती जवळपास संपूर्ण या दहाएक वर्षांतली. चाळिशी उलटेपर्यंत जिने दुसऱ्यांसाठी काटेकोर रेघा मारल्या, तिने त्याच रेघा मग स्वतःच्या आत वळवल्या.

आता गुर्जिएफ. तुम्ही पुण्यात वाढला असाल तर ओशोंच्या प्रवचनांतून हे नाव कानावर आलेलं असण्याची शक्यता आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: माणूस जागेपणीही झोपलेलाच असतो. यंत्रासारखा बोलतो, चिडतो, प्रेम करतो, आणि हे सगळं ‘मी’ करतोय असं समजतो. जागं व्हायचं तर स्वतःवर सतत, नेटाने लक्ष ठेवावं लागतं. आपोआप काहीच होत नाही. मेक्सिको शहरात त्याच्या शिकवणीचे गट चालत, वारोच्या जवळच्या मैत्रिणी त्यांत होत्या, तीही त्या वर्तुळात वावरली. तिने गुर्जिएफचा शिष्य उस्पेन्स्की वाचला, युंग वाचला, मध्ययुगीन ख्रिस्ती गूढवादी माइस्टर एकहार्ट वाचला, मादाम ब्लाव्हाट्स्कीही वाचली. (याच ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचं ठाणं मुंबईत हलवलं होतं, अड्यारला जाण्याआधी गिरगावात.) कुठल्याही एका पंथाची ती पूर्ण झाली नाही. हे मला तिच्या बाजूने जाणारं वाटतं. तिने माळ कुणाचीच घातली नाही, पण साधना हा शब्द तिने गंभीरपणे घेतला.

‘बाजीगर’ (१९५६) पाहा, हे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. एक जादूगार आपल्या गाडीवर उभा राहून खेळ करतोय, गाडीत सिंह आहे, शेळी आहे. समोर प्रेक्षकांचा घोळका. नीट पाहिलं की दिसतं, सगळ्यांचे केस एकसारखे, आणि सगळ्यांच्या अंगावर मिळून एकच करडा झगा. एका कापडातून निघालेली वीस-पंचवीस डोकी. जादूगाराचा चेहरा मात्र रंगवलेल्या पृष्ठभागावर नाही. शिंपल्याचा पाच कोनी तुकडा लाकडात बसवून त्यावर तो काढलाय, त्यामुळे प्रकाश बदलला की चेहरा उजळतो. झोपलेली माणसं आणि जागा झालेला माणूस यांतला फरक तिने सामग्रीतच करून दाखवला. इथे गुर्जिएफ आहे, शंभर टक्के आहे. पण तो ऐकलाही नसेल अशा माणसाला तो करडा झगा कळायला किती वेळ लागेल?

‘ताऱ्यांची पेज’ (१९५८) हे त्याहून नाजूक उदाहरण. उंचावर एकटी अष्टकोनी खोली, तिच्यात एक थकलेली बाई हाताने यंत्र फिरवून ताऱ्यांचा चुरा दळतेय. समोर पिंजऱ्यात चंद्रकोर. ती तिला चमच्याने भरवतेय. गुर्जिएफच्या विश्वरचनेत पृथ्वीवरचं जीवन हे चंद्राचं खाद्य आहे, आणि हे ठाऊक असलं तर चित्रात एक भीती शिरते. आपण नकळत कुणाला पोसतोय? ठाऊक नसलं तर दिसते ती एकटेपणात कुणालातरी जगवणारी बाई, जिच्या तोंडावर ना वात्सल्य आहे ना राग, नुसता शीण. मला दोन्ही अर्थ एकमेकांना धरून वाटतात. पुस्तकातलं तत्त्व तिने उचललं ते मुलाला, आजाऱ्याला भरवणाऱ्या कुठल्याही बाईच्या मनगटापर्यंत आणून पोचवलं. चमचा कसा धरलाय ते पाहा, मग कळेल मी काय म्हणतेय.

सगळीकडे हे जमलंय असं नाही, तेही सांगायला हवं. ‘माँट अॅनालॉगची चढण’ (१९६०) मध्ये एक व्यक्ती लाकडाच्या लहानशा फळीवर उभी राहून, स्वतःच्याच वस्त्राचं शीड करून, डोंगराला वळसे घेत जाणाऱ्या पाण्यातून वर चाललीय. रने दोमाल या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतला हा डोंगर. दोमाल गुर्जिएफच्या शिकवणीतला, आणि संस्कृत स्वतःहून शिकलेला माणूस. चित्र सुंदर आहे, पण मला ते त्या पुस्तकाच्या आधारावर उभं असल्यासारखं वाटतं. आत्म्याची चढण म्हणजे डोंगर, एवढ्यावर थांबतं. तिथे काम कमी आणि अर्थ जास्त आहे. तिच्या चांगल्या चित्रांत हे प्रमाण उलटं असतं.

‘ओरिनोको नदीच्या उगमाचा शोध’ (१९५९) ची गोष्ट वेगळी. त्यातही प्रवासच आहे, पण किती तपशिलात! कोटटोपी घातलेली बाई एका अंगरख्याच्या होडीत बसलीय. कोटाला बटणं, खिसे, आणि सुकाणू हलवायला दोऱ्या. पाण्यात बुडालेल्या जंगलातून ती एका पोकळ झाडापाशी पोचते. आत टेबल, टेबलावर काचेचा साधा पेला, आणि त्यातून पाणी अखंड उतू जातंय. एवढ्या मोठ्या नदीचा उगम तो. तिच्या चेहऱ्यावर आनंद नाही की आश्चर्य नाही. ती नुसती पाहतेय, एखाद्या सर्व्हेअरने नोंद करण्याआधी पाहावं तशी. व्हेनेझुएलाची ही नदी तिच्या ओळखीच्या मुलखातली होती, आणि पेल्याचा संबंध होली ग्रेलशी, म्हणजे ख्रिस्ती दंतकथेतल्या पवित्र पेल्याशी लावतात. लावू द्या. मला मोह पडतो तो त्या बटणांचा. आतल्या प्रवासाला निघालेल्या माणसाचा कोट बटणं लावलेला असावा, हे सुचणं ही मोठी गोष्ट आहे.

अंतर्बदल म्हणजे प्रकाशाचा झोत, मिटलेले डोळे, आकाशाकडे हात, अशी चित्रं आपण पुष्कळ पाहतो. वारोच्या बायकांचे डोळे उघडे असतात. त्या विणतात, दळतात, गाळतात, वल्हवतात, टाकून देतात. ‘मनोविश्लेषकाकडून बाहेर पडणारी बाई’ (१९६०) मधली बाई हिरव्या झग्यात बाहेर येते आणि वडिलांचं दाढीवालं मुंडकं दोन बोटांत धरून विहिरीत सोडते. दारावर डॉक्टरांची आद्याक्षरं आहेत, फ्रॉइड, युंग, अॅडलर या तिघांची. भावाला चित्रांचे फोटो पाठवताना ती प्रत्येकावर चार ओळी लिहायची. या चित्राबद्दल तिने लिहिलं की मनोविश्लेषकाकडून निघताना असंच करणं रीतीला धरून आहे, आणि टोपलीत बाकीचा मानसिक कचरा आहे, त्यात एक घड्याळ, उशीर होण्याच्या भीतीचं. ज्या वडिलांनी तिच्या हाताला वळण लावलं त्यांचंच हे डोकं म्हणता येईल. पण ती ते फेकताना किंचाळत नाही, झाडलोट करताना केर टाकावा तसं टाकते. इतकी हसती मोकळीक मला कुठल्याच गंभीर अध्यात्मात सापडली नव्हती.

तंत्राबद्दल थोडं, कारण तुमच्या ‘खरं की हौस’ या प्रश्नाचा निकाल माझ्या दृष्टीने तिथे लागतो. २०२३ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तिचं प्रदर्शन होतं तेव्हा मी तिकडे नातेवाइकांकडे होते, म्हणून काही मूळ चित्रं पाहता आली. पहिली गोष्ट म्हणजे ती लहान असतात. पडद्यावर भिंतभर वाटणारं चित्र प्रत्यक्षात दोन-तीन फुटांचं. ती मेसोनाइटच्या (दाबून केलेल्या लाकूडभुशाच्या) फळीवर पांढरा लेप देऊन काम करायची. आधी पूर्ण आकाराचं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून ते फळीवर उतरवायची, वडिलांच्या कचेरीतली रीत. मग धुकं, शेवाळ, जुन्या भिंती यांसाठी ओल्या रंगावर कागद दाबून उचलायचा, किंवा रंग फुंकून पसरवायचा. जे डाग पडतील ते हाताच्या हुकमात नसतात. त्या डागांत मग ती बारीक ब्रशने पानं, मुळं, चेहरे शोधून काढायची, आणि शेवटी टोकदार वस्तूने रंग खरवडून केसांसारख्या पांढऱ्या रेघा ओढायची. योगायोगाला येऊ द्यायचं आणि मग त्याची सेवा करायची. सर्रिअलिस्टांनी योगायोगावर पुष्कळ भाषणं केली. ती फार बोलली नाही, पण डागांवर महिनोन् महिने बसली. हौस इतकी टिकत नाही.

शेवटच्या काळातलं, सहसा तिचं अखेरचं पूर्ण चित्र मानलं जातं ते ‘पुन्हा जिवंत होणारं स्थिरचित्र’ (१९६३). गोथिक कमानींची खोली, गोल टेबल, माणूस एकही नाही. टेबलक्लॉथ गरगर फिरतोय, आठ ताटल्या हवेत उठल्यात, मधल्या मेणबत्तीभोवती फळं ग्रहांसारखी फिरतायत. काही एकमेकांवर आपटून फुटली, त्यांच्या बिया जमिनीवर पडल्या आणि तिथेच त्यांना कोंब फुटले. आधीच्या सगळ्या चित्रांत कुणीतरी हाताने चाक फिरवत होतं. इथे कुणी फिरवत नाही, तरी फिरतंय. हे तिने ठरवून निरोपाचं म्हणून काढलं असं मी म्हणणार नाही, मृत्यू अचानक आला. पण इतकी वर्षं श्रम रंगवणाऱ्या बाईने एकदा श्रमाशिवायची गती रंगवली, आणि तीही तेवढ्याच नेमक्या कक्षांत. मला तिच्या सगळ्या चित्रांत हे सर्वांत जास्त आवडतं.

पाहायचा क्रम विचारलात तर ‘पक्ष्यांची निर्मिती’, मग ‘बाजीगर’, मग १९६०-६१ ची तीन चित्रांची मालिका सलग: जोगिणींच्या शाळेतल्या मुली सायकलवरून मनोऱ्याकडे निघतात, मनोऱ्यात कोंडून पृथ्वीचं वस्त्र भरतात, आणि त्यांतली एक त्या भरतकामातच पळून जायची वाट भरून ठेवते. मधल्या चित्रात तिने भरलेली प्रियकराबरोबरची ती चोरटी भेट शोधायला झूम करावं लागेल. तिसऱ्यात ती खरंच पळालेली दिसते. मूळ चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह मेक्सिको शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, ग्रुएनने दिलेला. ‘हाक’ (१९६१) हे ज्वाळेसारखं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्समध्ये आहे. त्यातली बाई भिंतीत रुतून बसलेल्या माणसांमधून चालत जाते, केस थेट एका ग्रहाला जोडलेले, हातात किमयागाराचा चंबू आणि गळ्यात छोटा खल. तिकडे कुणी नात्यातलं असेल तर त्यांना आवर्जून पाठवा.

आणि वाचायचंच असेल तर गुर्जिएफच्या आधी तिची स्वतःची पत्रं, स्वप्नांची टिपणं वाचा, इंग्रजीत मिळतात. त्यांत हवी ती स्वप्नं पाडण्याच्या पाककृती आहेत. टेलिफोन डिरेक्टरीतून सहज नाव निवडून एका अनोळखी माणसाला नववर्षाच्या पार्टीचं निमंत्रण देणारं पत्र आहे. चित्रांतल्या त्या गंभीर चेहऱ्यांमागे किती खोडकर बाई होती ते तिथे दिसतं, आणि मग चित्रांखालची जड नावं वाचताना दडपण येत नाही.